दर सहा मिनिटांनी

विमानाखाली उभा राहिलो तेव्हा आधी नजरेत भरलं ते चाक. जवळजवळ माझ्या खांद्याला लागणारं. मग मान वर करत गेलो, तर नाकाच्या बाजूला छोट्या छोट्या बॉम्बच्या रांगाच रांगा रंगवलेल्या. एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. एकूण १३७. आणि रांगांच्या जोडीला हिटलरच्या विमानदलाचा प्रमुख गोअरिंग ह्याचं ते फुशारकीचं वाक्य, की शत्रूचं एकही विमान राइशच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवरून उडणार नाही. बॉम्बच्या शेजारीच रंगवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटली. मला त्या वाक्यातला ‘हद्द’ शब्द जास्त टोचला, कारण माझा जन्म हद्दी मोजण्यात गेला.

लंडनला मुलीकडे गेलो होतो. पहिल्या आठवड्यात दाखवायच्या जागा दाखवून झाल्या, मग पाऊस लागला. जावयांनी सुचवलं, हेंडनला विमानांचं संग्रहालय आहे, कोलिंडेल स्टेशनवरून चालत जाता येतं, तिकीट नाही. तिकीट नाही म्हटल्यावर मी नको म्हणणं शक्य नव्हतं. तिथे हे लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं बॉम्बफेकी विमान. नंबर आर ५८६८, लाडाचं नाव ‘एस फॉर शुगर’.

मुलगी फोनवर काहीतरी वाचत होती. एकदम म्हणाली, “बाबा, ह्यातून एक आपला माणूस उडायचा. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर. नॅव्हिगेटर होता.” (इंग्रजी स्पेलिंगवरून सुखठणकर की सुखटणकर हा वाद आमचा विमानाखालीच झाला. तिच्या मते काही फरक पडत नाही. मी म्हटलं, सातबाऱ्यावर पडतो.) १९४२च्या सुमाराला, सात माणसांच्या त्या पत्र्याच्या नळकांड्यात, रात्री जर्मनीवर जाताना ‘आपण आत्ता कुठे आहोत’ हे सांगायचं काम एका सुखठणकराकडे होतं. मी पुन्हा एकदा चाकापासून वर पाहत गेलो.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून सुखठणकरांबद्दल आणखी शोधत बसलो आणि हाती लागला तो दुसराच नॅव्हिगेटर. सिरिल ग्रँट, सगळे साय म्हणायचे. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाचा, काळा. तिसऱ्याच मोहिमेत विमान पडलं आणि दोन वर्षं जर्मनांच्या कैदेत राहिला. त्यानंतरचे दिवस मी त्याच्याच मागे होतो. मुलगी म्हणायची, इंग्लंडला आलात आणि फोनमध्ये डोकं घालून बसलात.

आधी नॅव्हिगेटर म्हणजे काय ते सांगतो, कारण सिनेमात दिसतो तो पायलट. लँकेस्टरमध्ये पायलटच्या पाठीमागे डाव्या अंगाला एक टेबल असे. नॅव्हिगेटर डावीकडे तोंड करून बसे, म्हणजे विमान ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला त्याचा खांदा. भोवती पडदा, कारण टेबलावरच्या दिव्याची तिरीप बाहेर गेली तर शिकार करणाऱ्या विमानाला आयतं निशाण मिळे. टेबलावर नकाशा, पेन्सिल, पट्टी, कर्कटक, वाऱ्याचा हिशेब करायची हातातली चकती आणि नोंदवही. बाहेर आग लागो नाहीतर तारे निघोत, हा पडद्यात. बाकीचे सहाजण बघून घाबरू शकत होते. ह्याला आकडे बघून घाबरावं लागे.

काम असं: विमानाचा वेग माहीत आहे, नाक कुठल्या दिशेला आहे माहीत आहे, किती वेळ गेला माहीत आहे, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपासून आपण इतके पुढे आलो असू. ह्याला डेड रेकनिंग म्हणतात. वाऱ्यामुळे ते सोपं राहत नाही. भरल्या ओढ्यात समोरच्या झाडाकडे तोंड करून पोहणारा माणूस त्या झाडाशी लागत नाही, खाली वाहून जाऊन लागतो, तसं विमान वाऱ्यात सरकत जातं. निघताना हवामानखात्याने दिलेला वारा एक, वर भेटलेला भलताच. ‘जी’ नावाचं एक यंत्र मदतीला होतं. इंग्लंडमधल्या केंद्रांवरून येणारे रेडिओचे ठोके पकडायचे, त्यांच्यामधल्या वेळेच्या फरकावरून नकाशावर जागा काढायची. पण जर्मन त्या ठोक्यांवर गोंगाट सोडत आणि जसजसं पूर्वेला जावं तसतसं ते यंत्र निकामी होत जाई. मग पुन्हा पेन्सिल आणि वही.

दर सहा मिनिटांनी जागा काढायची असा दंडक असे. सहाच का? कारण सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. वेगाच्या आकड्यात एक घर डावीकडे टिंब सरकवलं की अंतर निघतं. थंडीने बोटं वळत नसताना, ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली असताना, भागाकार कोणी करत बसायचा? हे वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. आमच्या जमीन मोजणी खात्यात जुन्या साखळीचे आणे ह्याच अकलेने पाडलेले. ३३ फुटांची साखळी, १६ आणे, एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा. ज्याने हे ठरवलं त्याने स्वतः उन्हात उभं राहून मोजणी केलेली असणार. कचेरीत बसलेल्या माणसाला असं सुचत नाही.

माझी स्वतःची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भूकरमापक म्हणून लागलो त्याला वर्षही झालं नव्हतं. कोकणातल्या एका गावात हद्द कायमची मोजणी. डोंगरउतार, करवंदाच्या जाळ्या, दोन्हीकडचे खातेदार आपापल्या मुलांना घेऊन उभे. जुनं टिपण, म्हणजे आधीच्या मोजणीची नोंद, काढून साखळी टाकत चाललो. सगळं जुळत आलं आणि शेवटची खूण गेली ती शेजाऱ्याच्या अंगणातल्या हापूसच्या बुंध्यात. ते कलम त्याच्या आजोबाने लावलेलं. म्हातारा काही बोलला नाही, नुसता झाडाला हात लावून उभा राहिला. मी त्या शेवटच्या खुणेशीच झटत बसलो, कोन पुन्हा घेतला, फलक पुन्हा लावला. माझे वरिष्ठ, निमतानदार आले, त्यांनी टिपण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “इथं काय शोधतोस? मागं जा.” मागे गेलो. ओहोळ ओलांडताना साखळीगणिक रोवायच्या सळ्या मोजण्यात मी एक अख्खी साखळी गाळली होती. तिथून पुढचं प्रत्येक माप अचूक होतं आणि प्रत्येक खूण चुकीच्या जागी होती.

आमची चूक आंब्याच्या बुंध्यात घुसते, मागे जाऊन सुधारता येते. नॅव्हिगेटरला मागे जाता येत नाही. सहा मिनिटांत विमान ३५ किलोमीटर गेलेलं असतं.

ग्रँटचं गाव बेटरव्हरवाख्टिंग. गयानातले लोकही तेवढा खटाटोप करत नाहीत, बी.व्ही. म्हणतात. नाव डच आहे, अर्थ साधारण ‘बरे दिवस येतील’. ब्रिटिशांच्या आधी तो किनारा डचांकडे होता, त्यांचे उसाचे मळे होते आणि मळ्यांत राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. गुलामी उठल्यावर सुटलेल्या लोकांनी पै पै जमवून १८३९मध्ये हा मळा विकत घेतला आणि गाव वसवलं. मळेवाल्यांना मजूर हवेच होते, ते मग १८३८ पासून हिंदुस्थानातून जहाजं भरभरून नेलेले गिरमिटिये. साय ग्रँटचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९चा. वडील मोरेव्हियन ह्या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक, आई संगीत शिकवायची. घरात पुस्तकं होती. पोरगा शिकला, मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत कारकून झाला. वकिली शिकायला परदेशी जायचं होतं, पैसे नव्हते.

त्या किनाऱ्याची एक गंमत आहे. भरतीचं पाणी चढलं की जमीन पाण्याच्या पातळीखाली जाते, म्हणून डचांनी समुद्राला बांध घातले, शेतांमधून कालवे काढले आणि ओहोटीला पाणी सोडायला दारं बसवली. तिकडे त्याला कोकर म्हणतात. आमच्याकडे खारभूमीच्या बांधाला असतात त्या उघाड्या, अगदी तोच प्रकार. फोटो बघताना मला आमची खाडीच आठवली.

१९४१मध्ये ग्रँट रॉयल एअर फोर्समध्ये, म्हणजे ब्रिटिश विमानदलात गेला. दोन वर्षं आधी त्याला दारातून परत पाठवलं असतं. तोवर नियमच होता की उमेदवार ‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ हवा. १९३९च्या ऑक्टोबरात, लढाई अंगावर आल्यावर, ‘युद्ध चालू आहे तोपर्यंत’ ही अट बाजूला ठेवली गेली. पुढे माणसं भराभर मरायला लागली तेव्हा वसाहतींतून भरतीही सुरू केली. कॅरिबियन भागातून विमानात बसणारे म्हणून जे घेतले ते चारशे-पाचशेच्या घरातले. ग्रँटने सुरुवात केली ती पायलट व्हायला. मध्येच त्याला नॅव्हिगेटरकडे वळवलं. काळ्या पायलटबरोबर उडायला गोरी पोरं नाखूश असतात म्हणून हे झालं असावं, असं त्याला पुढे वाटत राहिलं. मला ह्यात एक विचित्रच गोष्ट दिसते. सुकाणू ह्याच्या हातात नको, पण सुकाणू कुठे वळवायचं ते ह्यानेच सांगायचं. गावोगावच्या कचेऱ्यांत असे कारकून मी पाहिलेत, साहेब सही करतो आणि टिपणी ह्यांची असते.

त्याची नेमणूक १०३ स्क्वाड्रनमध्ये, लिंकनशरमधल्या एल्शम वोल्ड्सच्या तळावर. तीस मोहिमा केल्या की एक टूर पुरी. तीस हा आकडा ऐकायला लहान आहे. बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे विमानदलाच्या बॉम्बफेकी शाखेत, युद्धभरात साधारण १ लाख २५ हजार माणसं उडाली, त्यांतली ५५,५७३ मेली.

२५ जून १९४३ची रात्र. जर्मनीतल्या रूर खोऱ्यातले कारखाने फोडायची मोहीम मार्चपासून चालू होती, त्या रात्री पाळी तिथल्या गेल्सेनकिर्खेन शहराची. ४७३ विमानं निघाली. वर ढग, आणि निशाण टाकणाऱ्या मॉस्किटो विमानांपैकी काहींची यंत्रं बिघडलेली, त्यामुळे बॉम्ब खोरंभर विखरून पडले. तीस विमानं परतली नाहीत. त्यांत ग्रँटचं होतं. परतीच्या वाटेवर हॉलंडवर असताना जर्मन लढाऊ विमानाने गाठलं. सातांपैकी दोघे गेले. ते धूड खाली एका शेतघरावर कोसळलं आणि त्या घरातली बाई गेली. तिची ना ह्यांच्याशी दुष्मनी, ना त्यांच्याशी. ग्रँट छत्रीने उतरला तो निऊ-व्हेनेप गावाजवळच्या एका शेतात.

हा सगळा भाग म्हणजे हार्लेमरमेर. पूर्वी तिथे तळं होतं. १८५२मध्ये डचांनी पंप लावून ते कोरडं केलं आणि तळाच्या जमिनीवर शेती केली. चहूकडे सपाट, सरळ कालवे, कडेला बांध, समुद्राच्या पातळीखाली. डच नावाच्या, डचांनी बांध घातलेल्या गावात जन्मलेला मुलगा अटलांटिक ओलांडून इंग्लंडला जातो आणि आगीतून उडी मारतो ती खुद्द डचांच्या बांधबंदिस्तीत. अंधारात त्याला पायाखालचा चिखल ओळखीचा वाटला का, हे मी उगाच मनात आणतो. ॲमस्टरडॅमचा विमानतळ आज त्याच कोरड्या तळ्यात आहे. मुंबईहून येताना आमचं विमान तिथे बदललं, काचेपाशी बसून मी डबा खाल्ला होता. तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

जुनी सवय जात नाही. नातवाच्या ॲटलासवर मी पट्टी ठेवली. गेल्सेनकिर्खेन ते निऊ-व्हेनेप सरळ रेषेत १९० किलोमीटर. विमानं सरळ जात नसत, पण ढोबळ मानाने अर्ध्या तासाची वाट, वहीत पाच नोंदी. मग निऊ-व्हेनेपपासून समुद्राकडे पट्टी फिरवली. जेमतेम बारा-चौदा किलोमीटर. पेन्सिलीचं टोक ठेवलं की त्यात गाव आणि किनारा दोन्ही मावतात. नातवाने विचारलं, आजोबा, पुसणार ना? पुसलं.

एका शेतकऱ्याच्या घरी त्याला आधार मिळाला, पण तो टिकण्यासारखा नव्हता. पुढे जर्मनांच्या हाती पडला. लपणार कुठे? तिथे गोरा इंग्रज तोंड मिटून, डोक्यावर शेतकऱ्याची टोपी घालून चार दिवस काढू शकला असता. ह्याचं तोंड मिटून भागणार नव्हतं.

आता तो फोटो. पकडल्यावर जर्मनांनी त्याचा फोटो काढला आणि तो नाझी पक्षाच्या ‘फोल्किशर बेओबाख्टर’ ह्या वृत्तपत्रात छापला. खाली ओळ: रॉयल एअर फोर्समधील एक जण, अनिश्चित वंशाचा. नाव नाही, हुद्दा नाही. म्हणजे वाचकांनी हसावं, की बघा इंग्रजांवर काय वेळ आली आहे.

पण मला ती ओळ वाचताना हसणारा संपादक दिसला नाही, मला दिसला फॉर्म भरणारा माणूस. वंशाचा रकाना आहे आणि तो मोकळा सोडायचा नाही असं वरून सांगितलेलं आहे. समोरच्याला बघून काय लिहावं ते कळत नाही, मग तो ‘अनिश्चित’ लिहितो. तीस वर्षांत मीही असे शेरे मारलेत. ‘वहिवाट अनिश्चित.’ ‘खूण आढळत नाही.’ ज्याच्या नावापुढे आपण असा शेरा मारतो त्याला तो पुढे किती वर्षं गळ्यात बांधून फिरावा लागतो, हे मारताना डोक्यात नसतं. आणि रकाना काही जर्मनांनीच काढला होता असं नाही. ‘शुद्ध युरोपीय वंश’ हा इंग्रजांच्या फॉर्मवरचा रकाना. दोघांचा छापखाना एकच.

लंडनमध्ये मला खोकला झाला तेव्हा मुलीने एका दवाखान्यात नेलं. फॉर्म आला. नाव, पत्ता, आणि खाली वंशाची चौकटींची रांग. हे आपले चांगल्या हेतूने विचारतात, कोणाला काय आजार जास्त होतो ते कळावं म्हणून, असं मुलगी म्हणाली आणि तिने माझ्या वतीने एका चौकटीत फुली मारली. बरोबरच मारली. तरी मी तिच्या पेनाकडे बघत राहिलो, आमच्या शाळेचे गुरुजी टाक दौतीत बुडवून वडिलांना ‘जात?’ विचारत आणि वडील जरा थांबून सांगत, ते आठवत. त्या थांबण्यात किती काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

चौकशी झाल्यावर ग्रँटला झागानला धाडलं, श्टालाग लुफ्ट ३. बर्लिनच्या आग्नेयेला १६० किलोमीटर, पाइनच्या जंगलात, खाली वाळू. विमानदलाच्या अधिकाऱ्यांची छावणी. दिवसातून दोनदा हजेरी, रांगेत उभे करून मोजणी. भूक कायमची. रेडक्रॉसची पार्सलं आली की त्यात दुधाच्या भुकटीचे डबे असत, नाव ‘क्लिम’, म्हणजे ‘मिल्क’ उलटं वाचलेलं. रिकामे डबे एकात एक बसवून कैद्यांनी भुयारात हवा खेळवायची नळी केली होती. ग्रामोफोनच्या तबकड्या वितळवून होकायंत्रं ओतली होती. जेलीवर शाईचा छाप घेऊन नकाशांच्या प्रती काढल्या होत्या. छावणीभर नॅव्हिगेटर भरलेले, नकाशाला काय तोटा!

त्या छावणीच्या उत्तर भागातून १९४४च्या मार्चमध्ये झालेलं पलायन जगभर गाजलं. ग्रँटची ती गोष्ट नव्हे, पण मोजणी खात्याचा माणूस ती सोडून पुढे जाऊ शकत नाही. ‘हॅरी’ नावाचं भुयार, शंभर मीटरच्या वर लांब, आठ-नऊ मीटर खोल, कुंपणाखालून जंगलात निघायचं. वर्षभर वाळू उपसली. चड्डीत लपवलेल्या पिशव्यांतून ती बागेत सांडली. २४ मार्चच्या रात्री तोंड फोडलं तर वर आकाश. झाडी अजून काही फूट पुढेच. मोजणी कमी पडली होती. पहारेकऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात एकेकाने सरपटत जायचं. शहात्तर गेले, सत्याहत्तरावा तोंडाशीच सापडला. शहात्तरांतले तीन घरी पोचले. धरलेल्या त्र्याहत्तरांपैकी पन्नास जणांना हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या. भुयारातली ती चूक नेमकी कुठे झाली असेल ह्याचा विचार करताना मला ओहोळातली माझी गाळलेली साखळी दिसते. आमच्या चुकीत एक म्हातारा झाडाला हात लावून उभा राहिला, एवढंच झालं.

ग्रँटसारख्याला पळून जाण्यात अर्थच नव्हता असं मला वाटतं. बनावट कागद, शिवलेला कोट, तोंडपाठ केलेलं जर्मन, सगळं जमवलं तरी पहिल्याच स्टेशनवर पोरंसुद्धा वळून बघणार. कुंपणाबाहेर पडल्यावर कुठल्या दिशेला किती चालायचं हे ज्याला पक्कं ठाऊक, त्यानेच आत बसायचं. बसून त्याने विचार केला, आणि सुटल्यावर कायदा शिकायचा, अन्यायाशी त्या बाजूने भांडायचं, हे तिथेच मनाशी ठरवलं. १९४५च्या जानेवारीत रशियन फौजा जवळ आल्या तशी छावणी रिकामी केली. हजारो कैदी बर्फातून चालत, मग मालगाड्यांत कोंबून इतर छावण्यांकडे. काही महिन्यांत लढाई संपली, तो सुटला.

ठरवल्याप्रमाणे कायदा शिकला. १९५०मध्ये मिडल टेंपल ह्या लंडनमधल्या वकिलांच्या संस्थेचा बॅरिस्टर झाला. आणि काम मिळेना. ह्यावर मी काही लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळतं. पोटासाठी तो नाटकात शिरला, प्रसिद्ध नट लॉरेन्स ऑलिव्हिए ह्याच्या कंपनीत उभा राहिला, गिटार घेऊन गाऊ लागला. १९५७मध्ये बीबीसीच्या ‘टुनाइट’ ह्या संध्याकाळच्या कार्यक्रमात तो त्या दिवसाच्या बातम्या कॅलिप्सोच्या चालीवर गायचा. कॅलिप्सो म्हणजे त्रिनिदादकडचं चटपटीत, टोमणे मारणारं गाणं. आपल्या शाहिरांचा चुलतभाऊ म्हणा. शब्द पुष्कळदा बर्नार्ड लेव्हिन हा पत्रकार लिहून द्यायचा. रोज दिसणारा काळा माणूस ब्रिटनच्या टेलिव्हिजनवर त्याआधी नव्हता. घरोघरी नाव झालं. अडीच वर्षांनी त्याने स्वतःहून सोडलं, कारण लोक त्याला बातम्या गाणारा एवढंच ओळखू लागले. एका चौकटीतून काढून दुसऱ्या चौकटीत ठेवलं होतं, थोडी मऊ गादी घालून. नंतर ऑथेल्लो केला. १९६७मध्ये मुलांच्या कठपुतळ्यांच्या एका मालिकेत लेफ्टनंट ग्रीनला आवाज दिला. तो लेफ्टनंट मुख्यालयात एका टेबलाशी बसून सगळ्या विमानांना संदेश देत असतो. हे भूमिका देणाऱ्याच्या मनात होतं की योगायोग, कोण जाणे. मला खुर्ची ओळखीची वाटली.

२००६मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्याने आपल्या युद्धातल्या दिवसांचं पुस्तक काढलं. त्याला नाव दिलं ती वृत्तपत्रातली ओळ, जशीच्या तशी. रॉयल एअर फोर्समधील एक जण, अनिश्चित वंशाचा. ह्यात सूड आहे, थट्टा आहे, की नुसतं ‘नोंद घेतली’ आहे, ह्यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं. आमच्या खात्यात जुना चुकीचा शेरा खोडायचा नसतो. त्याच्यावर गोल करून शेजारी नवीन लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. जुनं वाचता आलं पाहिजे. त्याने तेच केलं असं मला वाटतं.

ते विमान पडलं तेव्हा त्या डच गावात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. आकाशात जळत येणारी ती गोष्ट त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेली नाही. मोठा झाल्यावर विमान कोणतं, आत कोण होतं, ह्याचा तो माग काढत राहिला, आणि तो माग त्याच्या मुलाने पुढे नेला. त्यातून ते ग्रँटपर्यंत पोचले. मग त्या बापाच्या मुलाने आणि ग्रँटने मिळून एक नवं काम अंगावर घेतलं. कॅरिबियनमधून आलेले जे जे विमानात बसले, त्या सगळ्यांची नावं शोधून एका ठिकाणी मांडायची. युद्धाच्या वेळी अशी यादी कोणी केलीच नव्हती. एकेक नाव, देश, काम, स्क्वाड्रन, पुढे काय झालं. मी ती यादी वर-खाली करत राहिलो. कुठे मजकूर भरगच्च आहे, कुठे नुसतं नाव. ग्रँट २०१०च्या फेब्रुवारीत गेला, नव्वद वर्षांचा होऊन. नावं त्यानंतरही भरत राहिली.

परतायच्या दोन दिवस आधी मी पुन्हा हेंडनला गेलो. मुलीने डोक्याला हात लावला, पण आली. विमानात चढू देत नाहीत, म्हणून मी बाहेरूनच काम केलं. डाव्या अंगाला गेलो, नाकाच्या टोकाखाली उभा राहिलो आणि शेपटीकडे पावलं टाकली. माझं पाऊल अडीच फुटांचं, तीस वर्षांत फार फरक पडलेला नाही. पायलटची काच मागे पडली तिथे थांबलो. डोक्यावर काळा पत्रा, त्याच्यावर रिव्हेटांच्या रांगा. आत टेबल असणार ते साधारण इथे. सुखठणकर इथे बसले, आणि अशाच दुसऱ्या पत्र्याआड ग्रँट. घड्याळात पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. अठरापर्यंत थांबायचं ठरवलं.

एक शाळेचा वर्ग आला, चाकाशी फोटो काढून गेला. पहारेकरी एकदा माझ्याकडे बघून गेला, पुन्हा आला. पायाला मुंग्या यायला लागल्या. परत घड्याळ पाहिलं तर पंधरा.

“बाबा, काय चाललंय तुमचं?” मुलगी छत्री झटकत आली. “चला, कॉफी घेऊ.”

“तीन मिनिटं थांब,” मी म्हटलं.